गड एक, माळ एक, दिवसही एकच

पत्राचा सारांश: पुण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे यजमान, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी सगळे मिळून एका प्रसिद्ध गडावर गेले. घरून निघायलाच साडेनऊ झाले, घाटात गाड्यांची रांग, वर पोचेपर्यंत बारा. पिठलं-भाकरी खाऊन खाली उतरले आणि 'आता प्राणी बघू' म्हणून भर दुपारी एका माळरानावर गाडी नेली. तिथे एक टिटवीसुद्धा दिसली नाही. धाकट्याने परतताना जाहीर केलं, "किल्ल्यावर काही नसतं आणि जंगलातपण काही नसतं." यंदा डिसेंबरात पुन्हा एक दिवस काढायचा आहे. यजमान म्हणतात, जागतिक वारशाच्या यादीतला राजगडच करू आणि येता येता एखादी सफारी. सासूबाई म्हणतात, "मी आपली घरीच बरी." मुलीला बिबट्याची भीती वाटते आणि पत्रलेखिकेला आग्या मोहोळाची. त्या विचारतात: गड आणि वन्यजीव हे दोन्ही एका दिवसात नीट होतं का, की एकावर पाणी सोडावं? आणि सासूबाईंना घरी ठेवून जाणं बरं दिसेल का?

उत्तर:

तुमच्या चिरंजीवांचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण त्यांच्या हाती जो पुरावा होता तो पाहता दोष देता येत नाही. भर बारा वाजता गडावर खरंच काही नसतं. दगड तापलेला असतो, उजेड डोक्यावरून सरळ पडत असल्यामुळे भिंतीवरचं कोरीव काम सपाट दिसतं, पक्षी गप्प असतात आणि माणसं सावली शोधत असतात. दुपारी दोनला माळावर प्राणी असतात, पण बोरीच्या किंवा हिवराच्या झुडपाखाली रवंथ करत बसलेले. तांबूस रंगाचं हरीण वाळल्या गवतात खाली बसलं की गाडीतून जाणाऱ्याला जवळून जातानाही कळत नाही. मागची सहल घड्याळाने फसवली. जागा दोन्ही चांगल्याच असणार.

दोन्ही एका दिवसात होतं. मात्र गड एकच, माळही एकच, आणि मधल्या सुस्त वेळात कसलाही हट्ट नाही.

आता यजमानांचा राजगड. त्यांची ओढ समजण्यासारखी आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि १ तामिळनाडूतली जिंजी, आणि राजगड त्यांत आहे. पण तीन माच्या आणि वर बालेकिल्ला असलेला हा गड एका बैठकीत उरकण्याचा नाही. सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर नुसतं वर पोचायला तीन तास धरा. त्यानंतर सफारीचं नाव काढलं तर मुलं गाडीत झोपलेली असतील आणि मोठ्यांचे पाय बोलत असतील. शिवाय यादीत नाव आहे म्हणजे तो गड मुलांना पहिला दाखवायला सोयीचा, असं थोडंच आहे? मुलांना किल्ला 'कळायला' हवा असेल तर छोटा गड बरा. दोन तासांत सगळा तट फिरून होतो, आणि दार कुठे, पाणी कुठे, शत्रू कुठून येणार हे सगळं एका डोक्यात मावतं. राजगड मुलगी आणि बाबा या जोडीसाठी राखून ठेवा; तिला पुढच्या हिवाळ्यात झेपेल.

तुमच्यासाठी मी मल्हारगड सुचवेन. सासवडजवळच्या सोनोरी गावाच्या डोक्यावरचा हा गड, म्हणून याला सोनोरीचा किल्लाही म्हणतात. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० या काळात बांधला. मराठ्यांनी बांधलेला शेवटचा गड म्हणून तो ओळखला जातो. आकाराने त्रिकोणी आणि लहान, वर चौकोनी बालेकिल्ला, त्यात खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन देवळं. झेंडेवाडीकडूनही वाट आहे, पण ती लांबची. तुम्ही सोनोरीकडून जा. तिकडून गाडी बरीच वर जाते आणि पुढची चढण मुलांच्या पायांनी अर्ध्या तासाची. एकच अडचण आहे, वर सावली जवळजवळ नाही. म्हणून गड सकाळी आणि माळ संध्याकाळी. उलट क्रम केलात तर उघड्या तटावर बारा वाजता पोचाल आणि मागच्या वर्षीचीच गोष्ट पुन्हा घडेल.

वेळा अशा धरा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पुण्यातून पावणेसहाला निघा, दिवे घाट अंधारातच चढून होतो. सासवडला चहा आणि स्वच्छतागृह हे दोन्ही उरकून घ्या, कारण गडावर यातलं काही नाही. सव्वासातला पायथ्याशी, पावणेआठला वर. पुढचे दोन तास गडाचे. दहा वाजता, पाहून झालं असो वा नसो, उतरायला लागा. ही उतरण्याची वेळ घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा. वर जाऊन ठरवायला गेलात की 'अजून पाच मिनिटं' करता करता अकरा वाजतात. नाश्ता हॉटेलात करू नका. पाच माणसांचा मिसळीचा कार्यक्रम तासाभराचा होतो, आणि तो तास तुम्ही कोवळ्या उन्हातून देता. दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, केळी असं काही डब्यात घ्या आणि बालेकिल्ल्यात देवळापाशी बसून खा.

गडावर मुलांना काय दाखवायचं, हा खरा प्रश्न. सनावळी सांगू नका, ती त्यांना शाळेत मिळते. त्यांना वस्तू द्या. दारापासून सुरुवात करा. दाराच्या चौकटीमागे दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं सापडतात, ती अडसराची. गडांच्या दारांना बऱ्याचदा एका बाजूचं भोक वीतभर खोल असतं आणि दुसऱ्या बाजूचं हातभर किंवा त्याहून जास्त. का? दार उघडताना तो जाड लाकडी वासा पूर्ण आत सरकवून ठेवायला जागा हवी. मुलाच्या हातात एक सरळ काठी द्या, दोन्ही भोकांची खोली काठीवर बोटाने खूण करून मोजायला लावा. काठीनेच, हाताने नाही. अशा भोकांत विंचू, पाली आणि क्वचित सापही मुक्कामाला असतात.

मग तटावरच्या जंग्या, म्हणजे बंदुकीचा मारा करायची भोकं. आतल्या बाजूने ती रुंद आणि बाहेरून चिंचोळी असतात. मुलीला आत उभी करा, बाबांनी बाहेरच्या बाजूला सपाट आणि सुरक्षित जागा बघून चार ठिकाणी उभं राहावं. तिला ते किती ठिकाणी दिसतात आणि त्यांना ती दिसते का, हे दोघांनी ओरडून सांगायचं. आतल्याला बराच मुलूख दिसतो, बाहेरच्याला नुसती फट. हे एकदा करून पाहिलं की तट कसा बांधतात यावर व्याख्यान लागत नाही. काही जंग्यांचा उतार खालच्या अंगाला असतो. त्या तटाच्या अगदी पायाशी आलेल्यासाठी. धाकट्याला मोजणीचं काम द्या. एका बाजूच्या जंग्या किती, बुरूज किती, मोजून ताईला सांगायचं आणि तिने वहीत त्रिकोणी नकाशा काढून त्यात भरायचं. तिच्याजवळ होकायंत्र असलं तर उत्तम, फोनमधलंही चालेल. मात्र तटाच्या कडेवर, जिथे चिरे हलतात तिथे, कोणालाही चढू देऊ नका. चुना उडालेला चिरा वरून घट्ट दिसतो आणि पाय पडला की डुगडुगतो.

शेवटी एक प्रश्न मुलांपुढे टाका: हा गड इथेच का? त्यांना चारी बाजू फिरून उत्तर शोधू द्या. दिवे घाटाची वाट नजरेच्या टप्प्यात येते आणि दुसऱ्या अंगाला कऱ्हेचं खोरं पसरतं. हवा स्वच्छ असेल तर पुरंदर आणि वज्रगडही ओळखता येतात.

आणि 'वन्यजीव' संध्याकाळपर्यंत थांबलेले नसतात, हे विसरू नका. सकाळी आठला तटाच्या वर पाकोळ्या फिरत असतात, खाली उतारावर तितरांची जुगलबंदी चालू असते, विजेच्या तारेवर एखादी कापशी बसलेली दिसते. मोठ्ठं जनावर दिसलं तरच वन्यजीव दिसला, ही समजूत मुलांची नसते, मोठ्यांची असते. सहा वर्षांच्या मुलाला सरडा आणि बिबट्या सारखेच थोर वाटतात, आपण 'हे काय, सरडाच तर आहे' म्हणेपर्यंत.

आता सासूबाई. तुम्ही विचारलंत की त्यांना ठेवून जाणं बरं दिसेल का. दिसण्याचा भाग सोडून देऊ. "मी घरीच बरी" या वाक्याचे दोन अर्थ होतात: एक म्हणजे खरंच जमत नाही, दुसरा म्हणजे माझ्यापायी तुमचा खोळंबा नको. तुमच्या पत्रावरून मला दुसराच वाटतो, कारण मागच्या वर्षी त्या आल्या होत्या आणि त्यांची तक्रार पत्रात कुठेच नाही. त्यांचे गुडघे कसे आहेत, हे अंदाजाने ठरवू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी इमारतीचे तीन मजले त्यांच्या चालीने चढून उतरायला सांगा. उतरताना कठडा धरावा लागला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखाच असेल, सूज किंवा जास्तीची कळ नसेल, तर मल्हारगडाची चढण त्यांना सावकाशीने जमेल. कळ आली तर गड नको, पण सहल हवीच.

लक्षात ठेवा, गुडघ्याला चढण नाही, उतरण छळते. उतारावर मुरूम आणि घसारा असतो, पाय अचानक सरकतो आणि तो सावरताना गुडघ्याला हिसका बसतो. एक काठी हवीच, दोन असल्या तर आणखी बरं. साध्या वाटेवर काठी हातात धरल्यावर कोपर काटकोनात येईल इतकी उंच, उतरताना चार बोटं जास्त. पावलं लहान, उतार तीव्र असेल तिथे अंग एका बाजूला वळवून आडवी. कोणीतरी त्यांच्या एक पाऊल पुढे चालावं, हात धरून ओढू नये. त्यांना हवा तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवावा. तळ गुळगुळीत झालेल्या चपला घरी ठेवा, खाचा असलेले बूटच हवेत.

त्या वर येणार नसतील तर सोनोरी गावात पानश्यांची गढी आहे, तिथे तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर थांबा. गड छोटा आहे, एका मोठ्या माणसाने दोन मुलांना नेऊन आणणं शक्य आहे. फक्त त्यांना बंद गाडीत उन्हात 'जरा बसा' म्हणून सोडू नका. तासभर म्हणता दोन तास होतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

दहा वाजता उतरल्यावर सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे असा रस्ता धरा. जेजुरीला थांबू नका. तिथल्या पायऱ्या म्हणजे दुसरा गडच, आणि रविवारी किंवा सोमवती अमावास्येला गेलात तर गाडी लावण्यातच दुपार जाईल. मोरगावला थांबा. हे तिसरं ठिकाण नाही का? आहे, पण ते वाटेवर आहे, चालणं फारसं नाही आणि सासूबाईंच्या हक्काचं आहे. शिवाय गडावरून आलेल्या मुलांना तिथे एक गंमत दाखवता येते. मयूरेश्वराच्या देवळाला उंच तट आहे आणि चार कोपऱ्यांना मनोरे, लांबून किल्लाच वाटावा असं. आणि गणपतीसमोर चक्क नंदी बसलेला आहे. दर्शन, जेवण, मग तासभर सावलीत आडवं होणं. ही झोप चैन समजू नका. ती टाळलीत तर धाकटा बरोबर साडेचारला, चिंकारा समोर आलेला असताना, रडायला लागेल. फक्त निघण्याचा दिवस पंचांगात बघून ठरवा. चतुर्थीला मोरगावला गर्दी असते. शक्य असेल तर कामाच्या दिवशी एक रजा टाकून जा. तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

साडेतीन-पावणेचारला सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात शिरा. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. उंच झाडी नाही, धबधबा नाही. आहे ते खैर, हिवर, बाभळीचं विरळ रान आणि गवत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही तर पडीक जमीन. इथेच तुमच्या घरातल्या सगळ्यांची नजर थोडी बदलावी लागेल. माळ हे जंगल 'न उगवलेलं' रान नव्हे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना मोकळं, दूरवर दिसणारं रानच लागतं. तिथे दाट झाडी लावली तर त्यांचं घर जातं. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क बदलत असतं, म्हणून निघण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारून घ्या.

आत गेल्यावर गाडी हेच तुमचं लपण. प्राणी चालत्या माणसाला लांबूनच हेरतात, थांबलेल्या गाडीला त्या मानाने कमी घाबरतात. वेग ताशी १०-१५ किलोमीटर, काचा अर्ध्या खाली, गाणी बंद, दार उघडायचं नाही, ठरवून दिलेला रस्ता सोडायचा नाही. रस्ता सोडू नये यामागे नियमापलीकडचंही एक कारण आहे. टिटवी, धाविक आणि चंडोल जमिनीवरच घरटं करतात, आणि माळटिटवीची मातकट ठिपक्यांची अंडी तुम्हाला चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. मध्येच एखाद्या झाडाजवळ गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि वीस मिनिटं हलू नका. बहुतेक जण दोन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात, म्हणून त्यांना माळ रिकामा दिसतो. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, तर तुम्ही ऊन पाठीशी घेऊन पूर्वेकडे बघा. उलट बघितलंत तर सगळे प्राणी काळ्या आकृत्या दिसतील आणि फोटोही तसेच येतील.

चिंकारा ओळखायला सोपा. शेळीएवढा, वरून तांबूस, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकाकडे उतरणारा पट्टा, आणि सतत हलणारी छोटी काळी शेपटी. बरेचदा आधी ती शेपटीच दिसते. नराची शिंगं वळ्यावळ्यांची आणि वीतभर किंवा त्याहून थोडी लांब, मादीची बारीक. चितळ-सांबरासारखी ती दरवर्षी गळत नाहीत. एक सवय मुलांना आधीच सांगून ठेवा. दचकला की चिंकारा धूम ठोकतो, दोन-तीनशे मीटरवर जाऊन थांबतो आणि वळून बघतो. त्या वळून बघण्याच्या क्षणासाठी दुर्बिणी तयार ठेवा. गाडी पुढे दामटलीत तर तो क्षण गेला आणि प्राणीही गेला. मग रस्त्याकडेच्या खुणा शोधा, अर्थात खिडकीतूनच. एकाच जागी साचलेला लेंड्यांचा ढीग चिंकाऱ्याचा, कारण तो पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येतो. वाळून पांढरी पडलेली विष्ठा बहुधा तरसाची, हाडांतल्या चुन्यामुळे तशी. आणि आकाशाकडेही लक्ष असू द्या. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या थोडं वर असताना सावरतो आणि पुन्हा वर. नाव त्यावरूनच पडलं असणार.

फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचा मोह मात्र टाळा. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि तो चारा सोडून भांडायला येतो.

दुर्बीण एक असली तरी चालेल. ८×४२ ही घरासाठी सगळ्यात उपयोगी. त्यातला ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १२ पटीची घेऊ नका, हात हलला की चित्र नाचतं. सहा वर्षांच्या मुलाला ती जड होईल. त्याला ८×२५ची हलकी मिळाली तर बरं. 'मला काहीच दिसत नाही' ही मुलांची तक्रार बहुधा दुर्बीण न जुळवल्यामुळे असते. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजवं भिंग हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका, चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. यापुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या खाली दुमडा. आणि दुर्बिणीतून शोधत बसू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी प्राणी धरा, नजर तिथेच रोखून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. हा सराव आदल्या दिवशी गच्चीवर कावळ्यांवर करून घ्या.

मुलीच्या आणि तुमच्या भीतीबद्दल. बिबट्या पुणे जिल्ह्यात आहे हे खरंच, त्यामुळे 'काही नसतं गं' म्हणून तिची समजूत काढू नका. तिला नियम सांगा, नियमाने भीती आटोक्यात येते. अंधार पडायच्या आत गड आणि अभयारण्य दोन्ही सोडायचं, धाकटा कायम दोन मोठ्यांच्या मध्ये चालणार, झुडपामागे लघवीला कोणी एकटं जाणार नाही. आणि समजा दिसलाच, तर पळायचं नाही, लहान मुलाला उचलून घ्यायचं, एकत्र उभं राहून मोठ्याने बोलत सावकाश मागे सरायचं.

आग्या मोहोळाची तुमची भीती मला बिबट्याच्या भीतीपेक्षा जास्त रास्त वाटते. कड्याच्या पोटात, बुरजाच्या कपारीत, दाराच्या कमानीत काळसर अर्धचंद्रासारखं लोंबतं, ते पोळं. लांबून दिसलं की आवाज न करता वळसा घाला किंवा परत फिरा, तेवढी हार पत्करण्यासारखी असते. त्या दिवशी उग्र अत्तर आणि वासाचं तेल लावू नका. गडावर धूर, फटाके, ड्रोन, दगड फेकणं यातलं काही नको. माशी चावली तर तिला चिरडू नका, कारण चावलेल्या जागी आणि चिरडलेल्या माशीतून सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो. हात न झटकता, तोंडावर ओढणी घेऊन, सरळ गाडीच्या दिशेने पळा. टाक्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत घोंघावत राहतात. काटा नखाने खरवडून लगेच काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली किंवा अंगभर गांध्या उठल्या तर १०८ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा, वाट बघू नका.

सापाचं थोडक्यात: दगड उचलायचा नाही, कपारीत हात घालायचा नाही. चावलाच तर कापायचं, चोखायचं, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढून तो हात किंवा पाय स्थिर ठेवायचा आणि रुग्णालयात पोचायचं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते.

गडावर नेण्याचं पाणी मोठ्यांना १ लिटर, मुलांना अर्धा-अर्धा लिटर, आणि गाडीत वेगळा १० लिटरचा कॅन. टाक्यातलं पाणी पिऊ नका. क्षारसंजीवनीची दोन पाकिटं असू द्या. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच एक पाकीट विरघळवायचं, 'थोडं कडक' करायचं नाही. पूर्ण बाह्यांचे खाकी, मातकट, फिकट हिरवे कपडे. पांढरा आणि लाल रंग माळावर लांबून उठून दिसतो. एक रिकामी पिशवी कचऱ्याची.

साडेपाच-पावणेसहाला अभयारण्याबाहेर पडा आणि चौफुल्यामार्गे सोलापूर रस्त्याने परत फिरा. पूर्ण फेरी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरची होईल.

पुण्याबाहेरच्या वाचकांना हीच जोडी आपापल्या भागात लावता येईल. मुंबई-पनवेलकरांना कर्नाळा आहे. तिथे गडच पक्षी अभयारण्यात आहे, त्यामुळे गाडीचा प्रवास निम्म्यावर येतो. मात्र तिथल्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात, आणि वरची चढण आजी-आजोबांची नव्हे. त्यांनी खालच्या पायवाटांवरच सकाळ घालवावी. भृंगराज आणि स्वर्गीय नर्तक हे पक्षी दिसायला गड चढावा लागत नाही. नगरकडच्यांनी भीमेकाठचा पेडगावचा भुईकोट सकाळी आणि कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य संध्याकाळी करावं. ज्यांच्या घरी गुडघ्यांचा प्रश्न मोठा आहे त्यांना ही जोडी मल्हारगडापेक्षाही बरी, कारण पेडगावला चढण नाहीच. अकोल्याकडच्यांना नरनाळा आहे, पण तो मेळघाटाचा भाग, तिथे वेळा आणि वाहनाचे नियम अधिक कडक आहेत.

घरी पोचलात की मोजे लगेच धुवायला टाकू नका. गडाच्या उतारावरची कुसळं त्यांत अडकलेली असतील. त्यातलं एक लांब शेपटीचं, पीळ पडलेलं कुसळ हलकेच सोडवा, बशीत ठेवा आणि चमच्याने पाण्याचा थेंब त्याच्या शेपटीवर सोडायला धाकट्याला सांगा. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ आपोआप गरगर फिरतं. रानात पहिल्या पावसात ते असंच फिरून बी जमिनीत रुतवतं. हे बघायला सासूबाईंनाही बोलवा.